युद्धात चित्रकार आणि डिझायनर वारसा वाचवायला खरंच काही करू शकतात का?

हो. पोलंडची राजधानी वॉर्सा बघा. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी हे शहर ठरवून जमीनदोस्त केलं. पण तिथल्या आर्किटेक्चरच्या मंडळींनी केलेली जुन्या इमारतींची मोजमापं आणि रेखाटनं लपवून वाचवली गेली. ती आणि बेलोत्तो या इटालियन चित्रकाराची १८व्या शतकातली शहराची चित्रं यांच्या आधारे जुनं शहर पुन्हा उभं राहिलं. १९८० मध्ये ते जागतिक वारसा यादीतही आलं. बेलोत्तोनं काही ठिकाणी मनानं बदल केले होते, म्हणून माझ्या मते देखण्या चित्रापेक्षा मापं जास्त मोलाची. युक्रेनमध्ये २०२२ पासून लोक फोननंही पुतळ्यांचे, इमारतींचे थ्रीडी स्कॅन, म्हणजे त्रिमितीय डिजिटल प्रती करतायत.

तुम्ही कोल्हापुरात चित्रकला शिकत असाल, तर शांततेच्या काळातच याचा सराव करा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरला कोपेश्वर मंदिराच्या तळाशी हत्तींचा थर आहे, त्यातला एकच हत्ती घ्या. ऊन तिरपं असताना कोरीवकाम उठून दिसतं, तेव्हा शेजारी मोजपट्टी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग यायला हवा, तरच फोटोंमधून थ्रीडी प्रत जुळते. मग तोच हत्ती मापात कागदावर उतरवा. सोंड तुटकी असेल तर तुटकीच दाखवा. ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी परवानगी घ्या.