खरूज झाली आहे, डॉक्टरांकडे जायची लाज वाटते. मेडिकलमधून क्रीम आणून लावलं तर चालेल का?

नाही चालणार. अशाच एका ट्यूबपायी आमचं नऊ माणसांचं घर चार महिने खाजवत होतं, म्हणून लिहितेय.

माझे मोठे दीर श्रावणापासून रात्री-रात्री खाजवायचे. विचारलं की ‘पावसाळी खाज’ म्हणायचे आणि मेडिकलवाल्याने दिलेली पांढरी ट्यूब चोळायचे. त्यात स्टेरॉइड होतं, हे नंतर कळलं. खाज दोन दिवस दबायची, पुरळ फिकं पडायचं आणि कातडीतले किडे मजेत वाढायचे. गणपतीत माझा मुलगा वसतिगृहातून आला आणि काकांच्याच पांघरुणात झोपला. दसऱ्याला त्याचा फोन, “आई, बोटांच्या बेचक्यात फार खाजतंय गं.” दिवाळीला घरी आला, तर मोठ्या जाऊबाईंनी सगळ्यांदेखत त्याचा टॉवेल काठीने उचलून बाहेर टाकला. “होस्टेलची घाण घरात नको.”

दुसऱ्या दिवशी सिव्हिलला केसपेपर काढला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या करंगळीशेजारी भिंग धरलं आणि मला दाखवलं: पेन्सिलचा ओरखडा असावा तशी बारीक, वाकडी राखाडी रेघ. “हे मादीचं बीळ, यातच ती अंडी घालते.” दोन मिनिटांत निदान. लाज कसली, बाहेर बाकावर अख्खी रांग खाजवत बसली होती. मग विचारलं, घरात माणसं किती? नऊ म्हटल्यावर नवांचं औषध लिहिलं. एकाच रात्री सगळ्यांनी लावायचं, खाज असो वा नसो.

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. जाऊबाई आणि भाऊजी म्हणाले, आम्हाला काही झालेलंच नाही. सात जणांनी लावलं, दोघांनी नाही. तीन आठवड्यांत पुन्हा सगळे खाजवायला लागले. शेवटी सासूबाईंनी दम भरला, “लावा, नाहीतर वेगळी चूल मांडा,” तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

औषध म्हणजे 5 टक्के परमेथ्रिनचं क्रीम. मानेपासून तळपायापर्यंत, बेंबी, जांघा, नखांखाली, कुठलीही जागा न सोडता. रात्रभर ठेवून सकाळी आंघोळ, आठवड्याने पुन्हा एकदा. हात धुतले तर हातांना परत लावा. कपडे-चादरी कढत पाण्यात, धुता न येणारं पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला.

आता हिशेब. खरूज पहिल्यांदा होते तेव्हा खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. गणपती ते दसरा मोजा: पाच आठवडे. आणि भाऊजी श्रावणापासून खाजवत होते! वसतिगृहातही लागू शकते, मान्य. पण टॉवेल काठीने उचलणाऱ्यांनी आधी स्वतःच्या नवऱ्याची मनगटं बघायची होती. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते, जाऊबाई हे आजही मानत नाहीत.

हो, औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते, घाबरून रोज क्रीम थापू नका. घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल, फोडांत पू झाला असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. खरजेवरच्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या शेजाऱ्याने दिल्या म्हणून घेऊ नका. तुम्ही किती जण एका घरात राहता ते लिहिलं नाहीत, खरं तर तेच आधी सांगायला हवं होतं.