वाचकांचे प्रश्न : कपाशीचं वावर कृष्णधवलात

प्रश्न : डिसेंबरात फुटलेल्या कपाशीचे फोटो काढतो. रंगीत छान दिसतात, पण कृष्णधवल केले की सगळं करडं होतं. एडिटिंगमध्ये लाल स्लायडर (त्या रंगाचा भाग उजळ-गडद करणारी पट्टी) आणि कॉन्ट्रास्ट वाढवून पाहिला, तर बोंडं सपाट पांढरी झाली. कॅमेरा साधा डीएसएलआर, लेन्स 18-55.
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : कॉन्ट्रास्ट राहू द्या, आधी पानांकडे बघा. कापूस पांढरा, जमीन काळी. दोन्हींत रंग जवळपास नाहीच, म्हणून रंगांचे स्लायडर त्यांना फारसे हलवत नाहीत. बदलतात ती पानं आणि आभाळ. या दिवसांत पऱ्हाटीवर (कपाशीच्या झाडांवर) लाल्या आलेला असेल, म्हणजे पानं लाल पडली असतील, तर लाल वाढवल्यावर ती पानं उजळून बोंडांच्या जवळ जातात आणि बोंडं त्यात हरवतात. तेव्हा उलटं करा : लाल व नारिंगी -30 च्या आसपास, पिवळा व हिरवा -20. पानं गडद झाली की बोंडं सुटी दिसतात. आभाळासाठी फक्त निळा खाली आणा. मात्र तो फार ओढला, तर आभाळात दाणे येतात आणि धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बाभळीच्या कडेने पांढरी रेघ उमटते. हे सगळं रॉ फाइलवर (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न झालेल्या मूळ फाइलवर) करा. जेपेगमध्ये एवढी ताणाताण सोसत नाही.

फोटोत बोंडं जळतात, म्हणजे सपाट पांढरी होतात, त्याचं मूळ बहुधा प्रकाशाच्या मोजमापात आहे. फ्रेममध्ये काळी जमीन जास्त असली की कॅमेरा प्रकाश वाढवतो. मॅन्युअल मोड, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, एफ/11 (लेन्सचं छिद्र) ठेवा. लेन्स 55 वर नेऊन उन्हातलं जवळचं बोंड स्पॉट मीटरच्या (फक्त मधल्या छोट्या भागाचा प्रकाश मोजणाऱ्या मीटरच्या) वर्तुळात पूर्ण भरा आणि शटर असं लावा की मीटर +2 दाखवेल. मग तेच आकडे कायम ठेवून 18 वर या. फोकस दोन मीटरवर धरलात तर साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. शटर मंदावलं तर ट्रायपॉड लावा, वारा असेल तर आयएसओ 400 करून शटर चौपट वेगवान करा.

मांडणीचं सांगायचं तर, छातीच्या उंचीवरून फक्त पानांची चादर दिसते. उभ्या बंडीवर (बैलगाडीवर) चढून कॅमेरा थोडा खाली झुकवा. ओळींमधली जमीन काळ्या पट्ट्यांसारखी उघडी पडते आणि नजर त्यांवरून आत जाते. पट्टे फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यातून सुरू करा. आभाळ रिकामं असेल तर वरचा पाचवा भाग पुरे. वेळ संध्याकाळी साडेचार ते साडेपाच. सकाळी दवाने कापूस चिकटून मलूल दिसतो, संध्याकाळी तो फुललेला असतो. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर मावळतीचं ऊन आडवं लागून प्रत्येक ओळीची सावली शेजारच्या पट्ट्यावर पडते. वेचणी कधी आहे, हे कास्तकाराला आधी विचारा. वेचलेल्या वावरात या फोटोचा जीवच उरत नाही.

प्रश्न : एप्रिलमध्ये मामा (माजी मालगुजारी) तलावावर लेन्सला लाल फिल्टर लावला, तरी आभाळ पांढरंच आलं. फिल्टर खराब आहे का?
– एक वाचिका, जि. भंडारा

उत्तर : नाही. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो. उन्हाळ्यातल्या धुरकट आभाळात निळाच नसतो, मग तो गडद काय करणार? तीन स्टॉप प्रकाश (दर स्टॉपला निम्मा) मात्र फुकट जातो. फिल्टर काढा आणि तेच पांढरं आभाळ पार्श्वभूमी म्हणून वापरा : पाळीवरचं (तलावाच्या बांधावरचं) एकच झाड निवडा आणि त्याच्या फांद्या दुसऱ्या झाडावर चढणार नाहीत अशा जागी उभ्या राहा. ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर, धुऊन निघालेल्या आभाळावर हाच फिल्टर पुन्हा लावून बघा.