सॅम्पलसोबत त्याची कुंडली पण पाठव

अगं, तुझा मेल वाचला. जर्मनीतल्या ग्रुपने स्वतःहून तुझं पॉलिमर मागितलंय म्हणजे भारीच की, अभिनंदन! पण लगेच सगळ्यात चांगली बॅच कुपीत भरून कुरियरला देऊ नकोस, आधी हे वाच.

वीज वाहणारं प्लास्टिक शोधणाऱ्या जपानच्या शिराकावांची गोष्ट तुला माहितीये, २००० सालचं केमिस्ट्रीचं नोबेल वगैरे. पण सांगताना लोक त्यातला कामाचा भाग गाळतात. १९६७ ला टोकियोत त्यांच्याकडे कोरियाहून आलेले डॉ. प्युन पॉलिअ‍ॅसिटिलीन हे पॉलिमर बनवत होते, रिअ‍ॅक्शनला वेग देणारा कॅटॅलिस्ट पडला जवळपास हजारपट जास्त आणि पावडरऐवजी फिल्म तयार झाली. दुसऱ्या कुणी फ्लास्क धुवून टाकला असता. शिराकावांनी नेमकं काय किती पडलं ते शोधून काढलं, म्हणून पुढे अमेरिकेतले केमिस्ट मॅकडायर्मिड जपानला आले तेव्हा दाखवायला चंदेरी फिल्म होती आणि ती हवी तेव्हा परत बनवताही येत होती. मग शिराकावा त्यांच्याकडे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले, तिथे हीगर हा फिजिक्सवाला होताच, १९७६ च्या नोव्हेंबरात फिल्मला हॅलोजनची वाफ दिली आणि कंडक्टिव्हिटी, म्हणजे वीज वाहून नेण्याची क्षमता, कोटीपट वाढली. १९७७ च्या त्या पेपरवर प्युन यांचं नाव नाहीये, मला ते आजही खटकतं.

तर तुझं पॉलिमर. नाव तेच असलं तरी बॅच बदलली की मॉलिक्युलर वेट (साखळ्यांची लांबी) बदलतं, त्याने मोबिलिटी, म्हणजे आतून चार्ज किती सहज सरकतो ते, दहापट-शंभरपट इकडे तिकडे होते, वर साखळी जोडणाऱ्या स्टिले कपलिंग रिअ‍ॅक्शनमधलं पॅलेडियम आत अडकून राहिलेलं असतं ते वेगळंच. तिकडच्यांना यातलं काही माहीत नसेल तर त्यांचे आकडे तुझ्याशी जुळणार नाहीत आणि मग महिनाभर दोन्हीकडून नुसता संशय. म्हणून बॅच नंबर, जीपीसीचा (मॉलिक्युलर वेट मोजणाऱ्या चाचणीचा) ग्राफ, किती वेळा धुतलं, कुठल्या सॉल्व्हंटमध्ये किती तापमानाला विरघळवलं, सगळं लिहून दे. आणि हो, आपल्याकडे जुलैच्या दमट हवेत स्पिन कोटिंग (गरगर फिरवून पातळ थर देणं) ग्लोव्हबॉक्सच्या, म्हणजे कोरड्या बंद पेटीच्या, बाहेर केलं असेल तर तेही लिही, लाजायचं काय त्यात? सोबत एक फसलेली बॅचही पाठव, त्यांना तुलना करायला तीच जास्त उपयोगी पडते.

मोजमापाचंही तसंच. अशा पॉलिमरपासून बनवलेला ऑरगॅनिक सोलर सेल किती दिवस टिकला हे प्रत्येक लॅब आपापल्या पद्धतीने सांगत होती, शेवटी वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी एकत्र बसून २०११ मध्ये आयएसओएस नावाचे टिकाऊपणा मोजायचे प्रोटोकॉल छापले. तुम्ही त्यातला कुठला वापरणार, मास्कचा एरिया (सेलचा उजेड पडणारा भाग) किती धरणार, हे पहिल्याच कॉलला ठरवून घ्या. कॉलची वेळ ठरवताना ते उन्हाळ्यात साडेतीन आणि थंडीत साडेचार तास मागे असतात हे लक्षात ठेव, ऑक्टोबरच्या शेवटी हमखास गोंधळ होतो.

पेपरवर कुणाकुणाचं नाव येणार हेही आत्ताच मेलवर विचार. उद्धट वाटेल म्हणून गप्प बसू नकोस, तिकडे हे उघड बोलायची पद्धत आहे. आणि तुझ्यासाठी मोनोमर (पॉलिमरचा कच्चा माल) बनवणारा तो एमएस्सीचा मुलगा, त्याचं नाव यादीत तूच घालायचंस, दुसरं कुणी घालणार नाही.

पार्सलवर नुसतं 'केमिकल' लिहिलंस तर कस्टमवाले अडवतील. सेफ्टी डेटा शीट जोड, ग्रॅम स्पष्ट लिही, विकायला नाही असं पत्र गाइडच्या सहीने घे. सोमवारी पाठव म्हणजे शनिवार-रविवार गोदामात पडून राहणार नाही.