चमकलं म्हणजे पोचलं असं नाही

अगं, प्रोटीन पेशीत कुठं जातं ते बघायला त्याला जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रोटीन, जोडतो ना; पण पहिल्याच स्लाइडवर पेशीच्या कडेनं हिरवी रेघ दिसली म्हणून ‘प्रोटीन पेशीपटलात’ असं वहीत लिहून टाकू नकोस. मी लिहिलं होतं, मग खोडलं. वनस्पतीच्या पेशीत मधली जागा रिक्तिका, म्हणजे रसानं भरलेली मोठी पिशवी, अडवते आणि पेशीद्रव्य कडेला दाबलं जातं, त्यामुळे मोकळं, कशालाही न जोडलेलं जीएफपीसुद्धा कडेलाच दिसतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला कांदा आण. त्याच्या पापुद्र्यात या जोडलेल्या प्रोटीनचं जनुक घातलंस आणि चमक दिसली, की मिठाचं दाट पाणी सोड. पटल आत ओढलं जातं, भिंत जागच्या जागी राहते, मधे केसासारखे धागे ताणलेले. हिरवा रंग कुणाबरोबर जातो ते बघ.

केंद्रकातली चमकही फसवी. नुसतं जीएफपी २७ किलोडाल्टनचं, म्हणजे छोटंसं, केंद्रकाच्या छिद्रांतून आपसूक शिरतं. म्हणून तुलनेला रिकामा कंट्रोल, म्हणजे नुसतं जीएफपी घातलेला पापुद्रा, हवाच.

टॅग, म्हणजे हे जीएफपी, प्रोटीनच्या कुठल्या टोकाला ते आधी ठरव. संकेत-पेप्टाइड, म्हणजे प्रोटीननं कुठं जायचं त्याचा पत्ता, सुरुवातीला असतं. त्याच्याही आधी जीएफपी जोडलंस तर पत्ताच झाकला जातो. केडीईएल, म्हणजे प्रोटीनला पेशीतल्या अंतर्द्रव्यजालिकेत ठेवणारा संकेत, मात्र अगदी शेपटीला. रिक्तिकेतल्या आम्लानं जीएफपी मंदावतं, तिथं अंधार दिसला तर लाल प्रोटीन लावून बघ.

आणि पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, फोटो तिथल्या तिथे सेव्ह कर.