तुमचे प्रश्न : सव्विसाव्या वर्षी नाटकाच्या शाळेत

प्रश्न : ताई, मी 27 वर्षांचा आहे, पुण्यात ग्राफिक डिझायनरचा जॉब करतो. कॉलेजात एकांकिका केल्या, अजूनही शनिवार-रविवार ग्रुपबरोबर तालमी चालू असतात. आता रीतसर अ‍ॅक्टिंगचा कोर्स करावा असं फार वाटतंय, पण घरचे म्हणतात वय गेलं. मित्र म्हणाला की हॅरी पॉटरमधला स्नेप, म्हणजे अ‍ॅलन रिकमन, तोपण आधी डिझायनरच होता. खरंय का हे?

उत्तर : अगदी खरंय. आणि तू नेमकं त्याचंच नाव काढलंस म्हणून जरा सविस्तरच सांगते, कारण लोक एवढंच ऐकतात की उशिरा आला आणि स्टार झाला, मधलं सगळं गाळून टाकतात.

जन्म 21 फेब्रुवारी 1946चा, पश्चिम लंडनमधल्या अ‍ॅक्टनचा. वडील फॅक्टरीत होते, घरं रंगवायचंही काम करायचे. अ‍ॅलन 8 वर्षांचा असताना ते कॅन्सरने गेले आणि आईने चार पोरं वाढवली. आता अशा घरातला मुलगा, स्कॉलरशिप मिळवून लॅटिमर अप्पर या चांगल्या शाळेत गेला, तिथे नाटकाची गोडी लागली, सगळ्यांना दिसत होतं की पोरगा स्टेजवर वेगळाच असतो, तरी 18व्या वर्षी नाटकाची शाळा हा काही त्याला शहाणपणाचा मार्ग वाटला नाही. मला हे फार जवळचं वाटतं, आपल्याकडे किती घरांत हेच होतं. चित्र काढता येत होतं म्हणून आधी चेल्सीचं आर्ट कॉलेज, 1965 ते 68, मग रॉयल कॉलेज ऑफ आर्ट, आणि नंतर मित्रांबरोबर स्वतःचा डिझाइन स्टुडिओ. ग्राफिटी नाव होतं त्याचं. चांगला चालला होता स्टुडिओ, म्हणजे धंदा बुडाला म्हणून नाटकाकडे वळला असं अजिबात नाही.

पण या सगळ्या वर्षांत हौशी नाटक सुटलं नव्हतं. 1965 मध्ये रीमा हॉर्टन भेटली, तीही नाटकवेडी, जन्मभराची साथ झाली त्यांची. तू शनिवार-रविवार जे करतोस ना तेच तो करत होता. मग एक दिवस राडाला, म्हणजे रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टला, पत्र लिहिलं की माझी ऑडिशन घ्या. 1972 मध्ये दाखल झाला तेव्हा वय 26, बरोबरची बरीच मुलं शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली.

प्रश्न : पण मग पैशाचं काय केलं त्याने?

उत्तर : ड्रेसरचं काम केलं. आपल्याकडे कपडेपट सांभाळणारा असतो तसं, नटाला कपडे चढवायचे, दोन प्रवेशांच्या मधे पटकन बदलून द्यायचे, इस्त्री, बटणं, सगळं. आणि नट कोण, तर नायजेल हॉथॉर्न आणि राल्फ रिचर्डसन! मोठा नट एंट्रीच्या आधी काय करतो हे इतक्या जवळून बघायला मिळणं, मला तर हे वर्गातल्या शिकण्याइतकंच मोलाचं वाटतं.

1974 ला बाहेर पडला आणि तरी लगेच काही झालं नाही बरं का. मँचेस्टर, शेफील्ड, बर्मिंगहॅम अशा गावांमधल्या रेपर्टरी थिएटरांत काम केलं. तिथे कायमचा संच असतो, एका नाटकाचे प्रयोग चालू असतानाच पुढच्याच्या तालमी, आज राजा तर पुढच्या महिन्यात नोकर. मग रॉयल शेक्सपिअर कंपनी, मग 1982 मध्ये बीबीसीची एक मालिका, त्यात ओबाडाया स्लोप नावाचा लोचट पाद्री केला. 1987 मध्ये एका नाटकासाठी ब्रॉडवेवर गेला, तिथलं काम बघून हॉलिवूडवाल्यांनी डाय हार्डसाठी घेतलं. तो पिक्चर आला 1988 मध्ये, म्हणजे त्याच्या पहिल्या सिनेमाच्या वेळी वय 42. राडात गेल्यापासून 16 वर्षं! घरच्यांना 26चा आकडा सांगशील तेव्हा हा 16चा पण सांग.

तुझ्यापुरतं सांगायचं तर राजीनामा आत्ता देऊ नकोस. आधी ऑडिशन दे, पुण्यातलं ललित कला केंद्र आहे, दिल्लीचं एनएसडी, म्हणजे नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा, आहे, दोन्हीकडची वयाची अट आजच वाचून घे कारण तिथे खरंच दार बंद होऊ शकतं. आणि डिझाइनचं फ्रीलान्स काम चालू ठेवता आलं तर तोच तुझा कपडेपट.

प्रश्न : रिकमनचा तो खोल, खर्जातला आवाज जन्मजात तसा होता का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पोत जन्माचा, पण बाकी मेहनत. लहानपणापासून खालचा जबडा आखडलेला असायचा, त्यामुळे बोलणं मोकळं नव्हतं, आणि ज्या आवाजासाठी जग त्याला ओळखतं त्यावर राडात व्यायाम करून करून काम करावं लागलं. तुम्ही आवाजाचं शिबिर करणार असाल तर श्वासाबरोबर जबडा सैल करायचे व्यायामही शिकवतात का ते विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी ते राहून जातं.