हम्पीला गाडीनं निघण्यापूर्वी

सप्रेम आशीर्वाद.

डिसेंबरात तुम्ही दोघं पुण्याहून स्वतःच्या गाडीनं विजापूर, बदामी, हम्पी करणार, हे वाचून फार बरं वाटलं. पण पाच दिवसांत पाच मुक्काम ही आखणी बदल. विजापूरला एक रात्र, बदामीला दोन, हम्पीला तीन आणि परतताना बेळगावला एक, असं धर. रोज बॅगा भरून खोली सोडण्यात सकाळ संपते, आणि लेणी-देवळं बघायची खरी वेळ तीच. आठ दिवस रजा मिळत नसेल तर हम्पी पुढच्या वर्षावर टाका. बदामीत घाई मात्र करू नका.

पुणे-विजापूर साधारण साडेतीनशे किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघा. मॅपवर सहा तास दिसले तर आठ धरायचे आणि अंधार पडायच्या आत खोलीवर पोचायचं. सोलापूरच्या पुढे हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात. त्यांना मागचा दिवा बहुधा नसतो आणि ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो. संध्याकाळी समोरच्याच्या हेडलाइटमध्ये ती ट्रॉली दिसतच नाही. गावांतले गतिरोधकही रंगवलेले नसतात. म्हणून शेजारी बसणाऱ्यानं मोबाइल खाली ठेवून रस्त्यावर नजर ठेवायची, आणि दर दोन तासांनी चालवणारा बदलायचा.

आडरस्त्यांवर आणखी एक धोका आहे. सुगीत शेतकरी तूर, कुळीथ मळणीसाठी थेट रस्त्यावर पसरतात. त्यावरून गाडी गेली की वाळका पाला खाली अडकतो, तापलेल्या सायलेन्सरला चिकटतो आणि पेट घेऊ शकतो. शक्यतो कडेनं जा. जावंच लागलं तर पुढे मोकळ्या जागी थांबून इंजिन बंद करा, वाकून खाली बघा आणि अडकलेलं काठीनं काढा. पाला पसरलेला असताना त्यावर गाडी उभी करू नका.

निघण्याच्या आदल्या दिवशी टायर थंड असताना हवा भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. स्टेपनीची हवा बघायला लोक विसरतात. जॅक आणि पाना हाताशी ठेवा, डिकीत बॅगांच्या तळाशी नको. फास्टॅगमध्ये पैसे आधीच भरून ठेवा.

विजापूरला गोलघुमट उघडल्याबरोबर गाठा. शाळांच्या सहली आल्या की वरच्या सज्जात आरडाओरडा सुरू होतो आणि घुमणारी कुजबुज ऐकूच येत नाही.

बदामीहून आधी ऐहोळे, मग परतताना पट्टदकल. ऐहोळ्यात कारागिरांनी देवळाचे आकार चाचपून पाहिले. पट्टदकलला उत्तरेची आणि दक्षिणेची शिखरं एकाच आवारात शेजारी उभी आहेत, त्यामुळे हा क्रम डोळ्यांना समजतो. तिथलं विरूपाक्ष मंदिर चालुक्य राजा विक्रमादित्य (दुसरा) याच्या कांचीवरील विजयानिमित्त त्याची राणी लोकमहादेवीनं बांधवलं. त्याच्या खांबांवरचे कथापट सावकाश वाचा, तासभर द्या. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात इ.स. ५७८चा शिलालेख आहे. पायऱ्यांवर माकडं पिशव्या ओढतात. खाण्याचं काही हातात धरू नका. जवळच बनशंकरी आहे, आपल्याकडच्या कित्येक घरांची कुलदेवता. तिथे बायका ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि दही विकतात. दुपारचं जेवण तिथेच करा.

पुरातत्त्व खात्याची बदामी, ऐहोळे आणि हम्पीजवळच्या कमलापूरची संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात, त्यामुळे वार जुळवून निघा. हम्पीत पहाटे मातंग टेकडी चढायची तर विजेरी हवीच. पायऱ्या तुटक्या आहेत. विठ्ठल मंदिराकडे गाडी नेता येत नाही, वाहनतळापासून बॅटरीवर चालणारी गाडी मिळते किंवा किलोमीटरभर चालायचं. दोघांसाठी जाड मोजे घ्या, देवळात अनवाणी फिरताना दुपारी दगड पोळतात.

परतीला हम्पीजवळच्या होसपेटहून पुणं एका दमात गाठू नका. बेळगावपर्यंत सुमारे अडीचशे, दुसऱ्या दिवशी तिथून पुणं साडेतीनशेच्या आसपास. बेळगावची खोली निघण्याआधीच ठरवून ठेवा.