तिळ्यातलं तिसरं करडू घरी बाटलीवर वाढवायचंय? आधी हे वाचा

ताई, मामांची उस्मानाबादी शेळी तिळी व्याली, तिसरं करडू अंगावर प्यायला पुढे येत नाही, म्हणून ते उद्याच घरी आणायचं म्हणताय. माझं ऐकाल तर निदान तीन-चार दिवस आणू नका. शेळीला सड दोनच असतात, त्यामुळे तिसरं मागे पडणारच. पण पहिल्या दिवसाचा चीक त्याच्या पोटात गेला नाही, तर पुढे कितीही दूध पाजा, त्याला आजार लागतच राहतात. रोगाशी लढायची ताकद करडाला चिकातूनच मिळते आणि ती शोषून घ्यायची आतड्याची क्षमता पहिल्या 24 तासांत संपत येते. मामांना म्हणावं, शेळी धरून ठेवा आणि याला आधी पाजा, नाहीतर चीक पिळून बाटलीने द्या. अडीच किलोच्या करडाला पहिल्या दिवसात पाव लिटर तरी चीक जायला हवा. तो उकळू नका, फाटतो. कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावलं का, तेही विचारून घ्या.

आता दूध. बाटलीवरची करडं उपाशी राहून मरतात त्याहून जास्त अति पाजल्यामुळे मरतात, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. करडू ओरडतं, पोरं बाटली लावतात, आजी परत लावते, आणि संध्याकाळी हगवण सुरू. चोवीस तासांचं दूध वजनाच्या साधारण 15 टक्के धरा. अडीच किलोला पावणेचारशे मिली, तेही पहिल्या आठवड्यात चार-पाच वेळांत विभागून. म्हणजे एका वेळी 75 ते 90 मिली. वजन वाढेल तसं दूध वाढवा आणि वेळा कमी करा. घरात एकानेच पाजायचं किंवा भिंतीवर कागद लावून प्रत्येक वेळ लिहायची. पाजून झाल्यावर करडाला उभं करून मागून बघा: कुशी खपाटीला गेलेल्या नकोत, फुगलेल्याही नकोत, सरळ दिसल्या की पुरे.

दूध शेळीचंच मिळालं तर उत्तम. नसेल तर गाईचं, साय न काढलेलं. म्हशीचं जड जातं. एकदा धरलेलं दूध अचानक बदलू नका, बदलायचंच तर तीन-चार दिवसांत थोडं थोडं मिसळत जा. साखर अजिबात नको. दूध 38-39 अंशांवर, म्हणजे मनगटावर थेंब टाकला तर उबदार लागेल असं.

लहान बाळाची साधी बाटली चालते, निपलचं भोक थोडं मोठं करा. पण बाटली उलटी धरल्यावर धार लागता कामा नये, थेंब पडले पाहिजेत. आणि मांडीवर उताणं घेऊन पाजायचं नाही! करडू चारही पायांवर उभं, मान जराशी वर, आईला लुचतं तसं. उताणं पाजलं की दूध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. पाजण्याआधी तोंडात बोट घालायची सवय लावा. तोंड गार लागलं तर दूध देऊ नका, आधी गोणपाटात गुंडाळून ऊब द्या. गार पडलेल्या करडाला दूध पचत नाही.

जागा कोरडी आणि वाऱ्याच्या झोताबाहेर हवी. फरशीवर थेट नको, फळी आणि वर गोणपाट, रोज बदलायचं. बल्ब लावलात तर गोणपाटापासून लांब, तारेने घट्ट बांधून. अंगणात कण्हेर असेल तर कुंपण घाला. करडू दुसऱ्या आठवड्यापासून दिसेल त्याला तोंड लावतं आणि कण्हेर जीव घेते. त्याच सुमारास शेवरी, सुबाभूळ, बोरीचा पाला टांगून ठेवा, स्वच्छ पाणी ठेवा. कोवळा पाला चघळला की रवंथाचं पोट तयार होतं. शिळ्या पोळ्या, भात, ज्वारी मात्र कौतुकाने घालू नका, पोटात आम्ल होऊन करडू आडवं पडतं. दूध अडीच-तीन महिन्यांनी, नीट चरायला लागल्यावर, हळूहळू तोडा.

हगवण लागली तर एक-दोन वेळा दुधाऐवजी ओआरएस द्या आणि डॉक्टरांना दाखवा. लेंडीत रक्त दिसलं तर थांबूच नका. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा नंबर 1962 आहे, फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा. जंताचं औषध, आंत्रविषार (आतड्यात विष तयार होणारा आजार) आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) यांच्या लसी, या सगळ्यांच्या तारखा त्यांच्याकडूनच लिहून घ्या. पीपीआरची लस साधारण तीन महिन्यांनंतर टोचतात.

शेवटचं, पाट (मादी) आहे की बोकड, हे तुम्ही लिहिलं नाहीत. बोकड असेल तर खच्ची कधी करायचा ते आत्ताच ठरवा. नाहीतर सहा-आठ महिन्यांत घरभर वास येईल आणि लहानपणी लाडात शिकवलेल्या टकरी पोरांच्या गुडघ्यांवर बसतील. पाट असेल तर मामांकडून दूध तुटलेलं दुसरं एखादं करडू सोबतीला मागा. एकटं करडू दिवसभर ओरडतं, आणि ओरडलं की घरातलं कुणीतरी बाटली घेऊन धावतंच.